स्टेम सेल शीट: वाढवायची कशी, उचलायची कशी, पारखायची कशी

स्टेम सेल शीट म्हणजे डिशमध्ये वाढून एकमेकींना चिकटलेल्या पेशींचा, अखंड उचलता येणारा पातळ थर. तपासलेली शीट रोपणाला वापरता येत नाही. तिचा छेद घेतला, ती विरघळवून पेशी मोजल्या किंवा तिच्यावर अँटिबॉडीचा रंग चढवला, की ती संपली. म्हणजे जी शीट शेवटी जखमेवर, डोळ्यावर किंवा हृदयावर जाते ती स्वतः कधीच पूर्ण तपासलेली नसते. तपासलेली असते तिची बहीण: त्याच दिवशी, त्याच पेशींपासून, त्याच शेल्फवर वाढलेली दुसरी डिश. हे एकदा मनात पक्कं बसलं की पुढची प्रत्येक पायरी वेगळी दिसू लागते. पेशी सगळीकडे सारख्या का पसरायच्या, सगळ्या डिशचं माध्यम (पेशींचं पोषक द्रव) एकाच वेळी का बदलायचं, इनक्युबेटरचा शेल्फ समपातळीत का हवा, या सगळ्याचं कारण एकच. बहिणी सारख्या निघाल्या नाहीत, तर एकीचा अहवाल दुसरीला लागू पडत नाही.

हा लेख प्रयोगशाळेत पेशी वाढवण्याचा सराव असलेल्यांसाठी आहे. उदाहरण म्हणून चरबीतून काढलेल्या मेझेन्कायमल स्टेम सेल (हाड, चरबी, कूर्चा बनवू शकणाऱ्या मूळ पेशी) घेतल्या आहेत, कारण त्या तुलनेने सोशिक असतात आणि हात बसवायला बऱ्या. माणसासाठीची शीट मात्र परवानाधारक क्लीनरूम, नैतिक समिती आणि नियामकाची मंजुरी यांच्याशिवाय बनवायची नसते.

मुळात शीट कशासाठी

नेहमीच्या पद्धतीत आपण ट्रिप्सिन हे प्रथिनं कापणारं एन्झाइम घालून पेशी सुट्या करतो आणि सुईने टोचतो. ट्रिप्सिन पेशींना डिशपासून सोडवतं, पण जाता जाता पेशीच्या पृष्ठभागावरची प्रथिनं, पेशी-पेशींमधले सांधे आणि खाली साठलेलं मॅट्रिक्स (पेशींनी स्वतःभोवती विणलेलं प्रथिनांचं जाळं) हेही कापतं. अशा उघड्या पेशी टोचल्या की बऱ्याचशा वाहून जातात किंवा मरतात. शीटमध्ये हे सगळं शाबूत राहतं. खालच्या बाजूला मॅट्रिक्समधली प्रथिनं, फायब्रोनेक्टिन आणि कोलॅजन, चिकटून आलेलं असतं आणि तेच डिंकाचं काम करतं. २००४ साली जपानमध्ये कोहजी निशिदा यांच्या गटाने चार रुग्णांच्या तोंडातल्या अस्तराच्या पेशींची शीट त्यांच्याच डोळ्यांवर बसवली, तेव्हा टाके घालावे लागले नाहीत. शीट काही मिनिटांतच चिकटली.

म्हणून या कामात जपायचं ते हे मॅट्रिक्स आणि हे सांधे. पेशी काय, कुठल्याही डिशमध्ये वाढतात.

उलट्या बाजूने आखणी

डिश उघडण्याआधी कागद घ्या आणि शेवटच्या दिवसापासून मागे या. किती शीट वापरायच्या? किती चाचण्यांसाठी खर्च होणार? मी ३५ मिमीच्या आठ डिशचा संच धरते: तीन वापरासाठी, दोन विरघळवून मोजणी आणि फ्लो सायटोमेट्रीसाठी (एकेका पेशीवरच्या खुणा मोजण्याची पद्धत), एक छेदासाठी, एक अँटिबॉडी रंगासाठी आणि एक उचलून पुन्हा चिकटवून बघण्यासाठी. कुठली डिश कशाला जाणार हे पेशी टाकण्याआधी चिठ्ठ्या टाकून ठरवा. शेवटच्या दिवशी डोळ्यांनी निवड केली, की सगळ्यात देखणी शीट वापराला जाते आणि फाटकी तपासणीला, किंवा अहवाल चांगला यावा म्हणून अगदी उलट होतं. दोन्हींत आपण स्वतःलाच फसवतो.

पास-नापासाचे निकषही याच कागदावर लिहा. किमान किती टक्के पेशी जिवंत हव्यात, भोकं किती चालतील, कुठला मार्कर (पेशीची ओळख पटवणारं प्रथिन) किती हवा, हे सगळं आकडे हातात येण्याआधी ठरलेलं असावं.

पेशी

तिसऱ्या ते पाचव्या पॅसेजच्या पेशी घ्या. पॅसेज म्हणजे पेशी सोडवून नव्या डिशमध्ये टाकण्याची एक खेप. पॅसेजचा आकडा तसा ढोबळ असतो, त्यामुळे पेशी एकूण किती पट दुपटल्या तेही नोंदवत जा: शेवटच्या संख्येला सुरुवातीच्या संख्येने भागा, त्याचा दहाच्या पायाचा लॉग घ्या आणि ३.३२ ने गुणा. पेशी पसरट, मोठ्या, काठाला धूसर दिसू लागल्या आणि दुपटायला वेळ लावू लागल्या, तर त्या म्हाताऱ्या झाल्या. त्यांची शीट बनते, पण पातळ आणि भोकांची.

ओळख पटवायला २००६ साली आंतरराष्ट्रीय पेशी-उपचार संघटनेने ठरवलेले किमान निकष आजही उपयोगी पडतात. पेशी प्लास्टिकला चिकटायला हव्यात. सीडी७३, सीडी९० आणि सीडी१०५ हे मार्कर किमान ९५ टक्के पेशींवर हवेत. सीडी४५, सीडी३४, सीडी१४, सीडी१९ आणि एचएलए-डीआर दोन टक्क्यांपेक्षा जास्त नकोत. आणि त्यांच्यापासून हाड, चरबी आणि कूर्चा अशा तिन्ही दिशांच्या पेशी बनवता यायला हव्यात. चरबीतून नुकत्याच काढलेल्या पेशींवर सीडी३४ दिसू शकतो आणि पुढच्या पॅसेजमध्ये तो उतरतो. पहिल्याच पॅसेजला तो दिसला म्हणून घाबरू नका.

मायकोप्लाझ्माची चाचणी इथेच, पेशी शीटसाठी टाकण्याआधी करा. हा जंतू साध्या सूक्ष्मदर्शकातून दिसत नाही, माध्यम गढूळ करत नाही, ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतूनही निसटतो. पेशी जिवंत राहतात, फक्त मंदावतात, आणि आपण महिनाभर दोष माध्यमात घातलेल्या सीरमला (रक्ताच्या द्रवाला) देत बसतो.

डिश: ३२ अंशांचा खेळ

या डिशच्या तळाला पॉली-एन-आयसोप्रोपिलॲक्रिलामाइड नावाच्या पॉलिमरचा जेमतेम वीसेक नॅनोमीटरचा थर असतो. साधारण ३२ अंश सेल्सिअसच्या वर तो पाणी टाकून आकसतो आणि पेशींना चिकटायला योग्य होतो. त्याखाली तो पाणी पिऊन फुगतो आणि पेशी सुटतात. तेरुओ ओकानो आणि त्यांच्या टोकियोतल्या सहकाऱ्यांनी १९९० च्या सुमारास हे तंत्र घडवलं. त्याआधी हॉवर्ड ग्रीन यांच्या प्रयोगशाळेत त्वचेच्या पेशींचे थर डिस्पेज या एन्झाइमने उचलले जात. तो मार्ग आजही वापरतात, पण डिस्पेज नेमकं फायब्रोनेक्टिन आणि चौथ्या प्रकारचं कोलॅजन कापतं. त्वचेची जाड, अनेक थरांची शीट ते सोसते. एकेरी थराच्या शीटचा मात्र डिंकच निघून जातो. तिसरा मार्ग साध्या डिशचा: भरपूर मॅट्रिक्स साठू द्यायचं आणि शीट स्क्रेपरने कडेपासून गुंडाळत काढायची. मेझेन्कायमल पेशींना हे जमतं, खर्चही कमी येतो, पण दोन माणसांच्या हातच्या शीट सारख्या निघत नाहीत. बहिणींचं गणित तिथेच मोडतं.

तापमानाची डिश वापरायची तर एक शिस्त अंगी बाणवावी लागते: डिशला लागणारी प्रत्येक गोष्ट ३७ अंशांची हवी. माध्यम, धुण्याचं बफर, हूडमध्ये डिश ठेवण्याची जागा, सूक्ष्मदर्शकाचं स्टेज, सगळंच. आमच्याकडे एकदा चौथ्या दिवशी फोटो काढण्याच्या नादात सगळ्या डिश न तापवलेल्या स्टेजवर बराच वेळ राहिल्या. त्या दिवशी काही दिसलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आठपैकी पाच डिशच्या कडा कानासारख्या वळल्या होत्या आणि संध्याकाळपर्यंत शीट मधोमध गोळा होऊन तरंगत होत्या. तेव्हापासून फोटोसाठी एका वेळी एकच डिश बाहेर निघते, तीही तापवलेल्या स्टेजवर, दोन मिनिटांसाठी.

पिपेटचं टोक तळाला लावू नका. ओरखडा उठला तिथला पॉलिमर गेला, आणि शीट सुटताना नेमकी तिथेच अडकून फाटते.

पेशी टाकणे

३५ मिमीच्या डिशचं क्षेत्रफळ अंदाजे ९ चौरस सेंटिमीटर असतं. दर चौरस सेंटिमीटरला ५०,००० जिवंत पेशी धरल्या तर एका डिशला साडेचार लाख, आठ डिशना ३६ लाख. सांडलवंड धरून ४० लाखांची तयारी ठेवा. प्रत्येक डिशला २ मिली द्रावण द्यायचं, म्हणजे मिलीला सव्वादोन लाख पेशी. यापेक्षा विरळ टाकूनही शीट होते, फक्त दिवस जास्त लागतात. प्राथमिक पेशी किती चिकटतात हे दात्यागणिक बदलतं, म्हणून आधी दोन-तीन घनता एकेका डिशवर करून बघा. काही पेशी या पृष्ठभागाला नाखुशीने चिकटतात. अशा वेळी डिशमध्ये आदल्या रात्री सीरम घालून ठेवल्याने फरक पडतो.

द्रावण ओतल्यावर डिश गोल फिरवू नका. गोल फिरवलं की पेशी मध्यभागी जमतात आणि कडा उघड्या राहतात. डिश पुढे-मागे आणि मग डावीकडे-उजवीकडे, अशी हलक्या हाताने सरकवा. साध्या डिशला यानंतर पंधरा-वीस मिनिटं टेबलावर स्थिर ठेवतात, म्हणजे पेशी सारख्या खाली बसतात. इथे ते चालत नाही, डिश थंड होते. समपातळीतल्या ३७ अंशांच्या तापपट्टीवर ठेवा आणि मग उचलून इनक्युबेटरमध्ये न्या. शेल्फवर स्पिरिट लेव्हल एकदा ठेवून बघाच. थोडासा उतारही शीटला एका बाजूने जाड आणि दुसऱ्या बाजूने विरळ करतो.

पाच ते सात दिवस

दुसऱ्या दिवशी न चिकटलेल्या पेशी कोमट बफरने धुऊन माध्यम बदला आणि इथून पुढे त्यात ॲस्कॉर्बिक ॲसिड-२-फॉस्फेट घाला, मिलीलिटरला ५० मायक्रोग्रॅम. साधं व्हिटॅमिन सी ३७ अंशांच्या माध्यमात काही तासांत खराब होतं. फॉस्फेट जोडलेलं टिकतं. याचं काम समजून घेण्यासारखं आहे. कोलॅजनच्या साखळीतल्या प्रोलिनवर हायड्रॉक्सिल गट बसवणाऱ्या एन्झाइमला व्हिटॅमिन सी लागतं. तो गट बसला नाही तर तीन साखळ्यांचा पीळ शरीराच्या तापमानाला टिकत नाही, आणि पेशी कोलॅजन बनवत असूनही ते बाहेर साठत नाही. ॲस्कॉर्बेटशिवायची शीट आणि त्यासहची शीट चिमट्याने उचलून बघा. पहिली ओल्या टिश्यूपेपरसारखी तुटते, दुसरी झुलते.

माध्यम दर दोन-तीन दिवसांनी बदला. सीरमऐवजी मानवी प्लेटलेट लायसेट (प्लेटलेट फोडून काढलेला अर्क) वापरत असाल तर गोठणं रोखणारं हेपरिन घालायला विसरू नका, नाहीतर माध्यमाची जेली होते. माध्यम नेहमी डिशच्या भिंतीवरून सोडा. रोज त्याच पाच ठिकाणांचे फोटो घ्या: मध्य आणि चार दिशा.

थांबायचं कधी, हा प्रश्न नवख्यांना सतावतो. पेशींनी तळ पूर्ण झाकला म्हणजे शीट तयार झाली असं नाही. तळ झाकल्यावर आणखी दोन-तीन दिवस द्या. पेशी एकमेकींना समांतर होऊन प्रवाहासारख्या रेषा धरतात आणि मॅट्रिक्स साठू लागतं. फार थांबलात तर शीट स्वतःच्याच ताणाने कडेपासून सुटू लागते. कडेची पहिली घडी दिसली की त्याच दिवशी उचला.

उचलणे

माध्यम काढा, २० ते २५ अंशांचं ताजं माध्यम घाला आणि डिश तेवढ्याच तापमानाला अर्धा ते एक तास ठेवा. लवकर सुटावी म्हणून बर्फावर ठेवण्याचा मोह होतो, तो टाळा. पॉलिमर फुगून पाय सोडवतो हे खरं, पण पुढे पेशीला स्वतःचा सांगाडा आवळून अंग काढून घ्यावं लागतं आणि त्याला ऊर्जा लागते. अति थंडीत पेशी सुस्तावते आणि शीट अर्धवट अडकून बसते.

पहिल्यांदा बघताना डिश काळ्या कागदावर ठेवा. बराच वेळ काहीच घडत नाही. मग एखाद्या कोपऱ्यात काठाला बारीक दुधट रेघ उमटते. ती रेघ रुंदावते, आत सरकते, तिच्यामागे माध्यमाचं पाणी शिरताना दिसतं, आणि सायीसारखा थर हळूच तळापासून वेगळा होतो. घाई करायची असते ती इथे नाही. कड एका जागी अडली असेल तर पिपेटने तिथे माध्यमाचे दोन-तीन थेंब सोडा.

सुटलेली शीट आकसते. खालचा आधार गेला की पेशींचा ताण तिला ओढून घेतो आणि क्षेत्रफळ निम्म्यावर, कधी त्याहूनही खाली येतं. शीट तेवढीच जाड होते. मूळ आकार हवा असेल तर सुटण्याआधीच वरून आधाराचा पडदा ठेवावा लागतो. सर्वाधिक वापरला जातो तो पीव्हीडीएफ या प्लास्टिकचा. माध्यम जवळजवळ सगळं काढून घ्या, पडदा अलगद टेकवा, काही मिनिटं चिकटू द्या आणि डिश थंड झाल्यावर पडद्यासकट एका कडेने उचला. याचा दुसरा फायदा असा की दिशा हरवत नाही. वरची बाजू पडद्याला, खालची मॅट्रिक्सची बाजू मोकळी. तीच ऊतीवर टेकवायची. उलटी लागलेली शीट नीट चिकटत नाही.

शीट गुंडाळली गेली तर चिमट्याने ओढू नका. थोड्या माध्यमात तरंगत ठेवा आणि घडीच्या मध्यावर वरून एकेक थेंब सोडा. थेंबागणिक ती उलगडते. हे हाताला यायला आठ-दहा शीट वाया जातात, तेवढ्या जाऊ द्या.

एकावर एक थर द्यायचे असतील तर पहिली शीट पसरून माध्यम अगदी कमी करा, दुसरी तिच्यावर ठेवा आणि ३७ अंशांना अर्धा तास द्या. पण किती थर? रक्तवाहिन्या नसलेल्या ऊतीत प्राणवायू शे-दोनशे मायक्रॉनपलीकडे पोचत नाही. हृदयपेशींच्या शीटवर तात्सुया शिमिझु यांच्या गटाला रोपणाच्या एका खेपेला तीन थर, म्हणजे सुमारे ८० मायक्रॉन, हीच मर्यादा दिसली. २००६ साली त्यांनी उंदरांत एक-दोन दिवसांच्या अंतराने दहा खेपा केल्या, प्रत्येक वेळी आधीच्या थरांत रक्तवाहिन्या शिरू दिल्या, आणि सुमारे एक मिलिमीटर जाडीची ऊती मिळवली. एकाच दिवशी दहा थर रचलेत तर मधले थर मरणार.

पारखणे

पहिली पारख डोळ्यांची. मोजपट्टीसह फोटो घ्या, क्षेत्रफळ मोजा, भोकं आणि चिरा नोंदवा.

मग मोजणी. मॅट्रिक्सने भरलेली शीट नुसत्या ट्रिप्सिनला दाद देत नाही, गोळे राहतात आणि आकडा खोटा येतो. आधी कोलॅजन कापणारं कोलॅजनेज, नंतर ट्रिप्सिन द्या, गाळून घ्या आणि फक्त मेलेल्या पेशींना रंगवणाऱ्या ट्रायपॅन ब्लूने मोजा. जिवंत पेशींचं ७० टक्के हे पेशी-उत्पादनांसाठी नेहमी धरलं जाणारं किमान प्रमाण आहे. माझ्या हिशोबी संशोधनाच्या शीटला ९० च्या खाली आलं तर वाढवण्यात किंवा विरघळवण्यात काहीतरी चुकलंय. दुसरी विरघळवलेली डिश फ्लो सायटोमेट्रीला द्या, कारण शीटमध्ये राहिलेल्या पेशी सुरुवातीच्याच आहेत का हे पुन्हा बघावं लागतं.

कुठला मार्कर बघायचा याचं सगळ्यात बोलकं उदाहरण डोळ्याच्या कडेच्या, म्हणजे लिंबल स्टेम सेलचं. ग्राझिएला पेलेग्रिनी आणि मिकेले दे लुका यांच्या इटालियन गटाने २०१० साली ११२ रुग्णांचे निकाल मांडले. ज्या कल्चरमध्ये वसाहती करणाऱ्या पेशींपैकी तीन टक्क्यांहून जास्त पेशी पी६३ हे स्टेम सेलची खूण असलेलं प्रथिन ठळकपणे दाखवत होत्या, तिथे ७८ टक्के रुग्णांत रोपण यशस्वी झालं. तीन टक्के किंवा त्याहून कमी असताना यश फक्त ११ टक्के. दिसायला दोन्ही थर सारखेच, पेशींची संख्याही पुरेशी. फरक त्या मूठभर खऱ्या स्टेम सेलचा.

छेदाची डिश चार टक्के पॅराफॉर्मल्डिहाइडमध्ये स्थिर करा, पण पडद्यावर पसरलेली असतानाच. सुटी टाकलीत तर ती वळते आणि छेदात जाडी दुप्पट दिसते. हिमॅटॉक्सिलिन-इओसिनच्या रंगावर जाडी आणि थर, पिक्रोसिरियस रेडच्या रंगावर कोलॅजन बघा. अँटिबॉडीसाठी फायब्रोनेक्टिन, पहिल्या प्रकारचं कोलॅजन आणि पेशींमधल्या सांध्यांसाठी एन-कॅडहेरिन घ्या. शीट एपिथेलियल असेल तर ई-कॅडहेरिन आणि झेडओ-१. तुलनेला त्याच बॅचच्या ट्रिप्सिनने सुट्या केलेल्या पेशी शेजारी ठेवा. शीट बनवण्याचा सगळा खटाटोप ज्यासाठी केला, तो फरक इथे उघड दिसायला हवा.

यानंतरची पायरी सगळ्यात अवघड: शीट काम करते का? मेझेन्कायमल शीटचा बराचसा उपयोग ती सोडत असलेल्या घटकांमुळे होतो असं मानलं जातं. उचलण्याआधीच्या २४ तासांचं माध्यम सगळ्या डिशमधून जमा करा, त्यातले व्हीईजीएफ आणि एचजीएफ हे वाढीला चालना देणारे घटक इलायझाने (अँटिबॉडीने प्रथिन मोजणारी चाचणी) मोजा आणि आकडा दर लाख पेशींमागे मांडा. पेशी नसलेल्या एका डिशमध्येही तेच माध्यम २४ तास ठेवा. सीरममध्ये आणि विशेषतः प्लेटलेट लायसेटमध्ये हे घटक आधीच असतात, ते वजा केले नाहीत तर आपण बाटलीची क्षमता मोजून शीटच्या नावावर लावतो. रक्तवाहिनीच्या पेशींना त्या माध्यमात नळ्या बनवायला लावणं ही पूरक चाचणी चांगली.

या पायरीवर मी हट्टाने जोर देते, त्यामागे इतिहास आहे. स्नायूंच्या मूळ पेशींची हार्टशीट जपानमध्ये हृदयविकारासाठी २०१५ साली सशर्त आणि ठरावीक मुदतीसाठी मंजूर झाली. शीट बनत होती, चिकटत होती. पण पुढच्या रुग्णांच्या माहितीतून परिणाम पुरेसा सिद्ध झाला नाही आणि २०२४ साली पूर्ण मंजुरी मिळाली नाही. उत्तम वाढलेली शीट आणि रुग्णाला बरं करणारी शीट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

चिकटण्याची चाचणी साधी आहे: राखून ठेवलेली शीट कोलॅजन जेलवर मॅट्रिक्सची बाजू खाली ठेवून पसरा, ३७ अंशांना अर्धा तास द्या, मग डिश उभी धरा. घसरली तर नापास.

निर्जंतुकतेची अडचण वेळेची आहे. प्रमाणित चाचणीला १४ दिवस लागतात, मायकोप्लाझ्माच्या कल्चर पद्धतीला २८. शीट तितकी थांबत नाही. म्हणून उचलण्याच्या दोन-तीन दिवस आधीचं माध्यम चाचणीला लावायचं, मायकोप्लाझ्मा पीसीआरने बघायचा, शेवटच्या दिवशीचा नमुनाही लावायचा आणि निकाल उशिरा वाईट आला तर काय करायचं हे आधीच लिहून ठेवायचं. एंडोटॉक्सिनची (जिवाणूंच्या कवचातल्या विषाची) नेहमीची मर्यादा दर किलो वजनाला तासाला ५ एकक. गुणसूत्रांची तपासणी मूळ साठ्यावर आणि शेवटच्या पॅसेजवर, दोन्हीकडे करा. आयपीएस पेशींपासून (प्रौढ पेशींना मागे नेऊन केलेल्या मूळ पेशी) बनवलेल्या शीटमध्ये न बदललेल्या पेशी उरल्या तर गाठ होऊ शकते; तिथे लिन२८ सारख्या खुणांचा पीसीआर हवाच.

सगळ्या अहवालांवर डिशचा क्रमांक, शेल्फ आणि शेल्फवरची जागा लिहा. छेदाचे ब्लॉक आणि माध्यमाचे गोठवलेले नमुने प्राण्यांतल्या प्रयोगाचा शेवटचा निकाल येईपर्यंत फेकू नका. एखाद्या प्राण्यात शीट टिकली नाही, तर सगळ्यात आधी उणे ८० च्या फ्रीझरमधली त्या बॅचची नळी काढून तेच माध्यम पुन्हा मोजायचं असतं.